येळवस, सराटे आणि वहीतली पाचशेची नोट

तिसरागिअर (५ जानेवारी २०२५)

मंडळी, सायकल राइडचा वृत्तांत सावकाश लिहीन, फोटो अजून कार्डातच आहेत. पुणे ते सेवाग्राम, सोलापूर तुळजापूर लातूर नांदेड यवतमाळ असा लांबचा रस्ता धरून साधारण पावणेआठशे किमी, सात दिवस, एकटाच. रस्ता चांगलाय, तुळजापूरपासून पुढे थेट नागपूरकडे जाणारा हायवे आहे, शोल्डर रुंद, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. सांगायचंय ते वेगळंच, आणि त्यावर तुमचं मत पण पाहिजे कारण गेले पाच दिवस ते डोक्यातून जात नाहीये.

चौथा दिवस, सोमवार ३० डिसेंबर. तुळजापूरहून अंधारातच निघालो, प्लॅन असा की उजनीला (भीमेवरच्या धरणाचं उजनी नाही, हे औसा तालुक्यातलं) थांबून नाश्ता करायचा, तिथली बासुंदी खायची आणि दुपारपर्यंत लातूर. तर रस्त्यात एक टपरी उघडी नाही. धाबे बंद, हॉटेलं बंद, पंक्चरवाला पण नाही. मला वाटलं बंद पुकारलाय कुणीतरी. खिशात एक चिक्की होती ती खाल्ली, बाटलीत दोन घोट पाणी. आणि गंमत म्हणजे गावं ओस पण शेताकडे जाणाऱ्या पाणंदी मात्र गजबजलेल्या, ट्रॅक्टर, बैलगाड्या, टमटम, मोटरसायकलवर चौघं चौघं, बायकांच्या डोक्यावर टोपल्या, माठ, नवी लुगडी. सगळा जिल्हा शेतात चाललाय आणि मी एकटाच उलटा हायवेवर.

एका ट्रॉलीतून एक आजी ओरडल्या, "ओ सायकलवाले, कुठं चाललाव उपाशी?" मी उपाशी आहे हे त्यांना कसं कळलं देव जाणे, चेहरा असावा तसा. मी म्हटलं लातूर. "आज लातुरात कुत्रं बी नाही घावायचं. येळवस हाय. चला आमच्या संगं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. पुण्यात तीस वर्षं राहून मला हे नावसुद्धा माहीत नव्हतं. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात त्या दिवशी सगळे शेतात जेवायला जातात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, पण घरी कोणी राहत नाही.

गेलो. पाणंदीनं अर्धा किमी सायकल ढकलत. ज्वारी छातीएवढी, हुरड्यात आलेली, मधे हरभरा, बांधाला करडई. शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप केलेली, आत पाच दगड चुन्यानं रंगवलेले, ते पांडव. पूजा झाली, मग आजोबा आंबिलाचं (ज्वारीच्या पिठाचं आंबट ताकातलं पेय) भांडं घेऊन पिकाच्या कडेनं शिंपडत फिरले, मागून सगळी पोरं "वलगे वलगे सालम पलगे" म्हणत. मला पण म्हणायला लावलं. अर्थ विचारला तर आजोबा म्हणाले "अर्थ इचारून काय करता, मोठ्यानं म्हणा".

आणि मग जेवण. भज्जी नावाचा प्रकार आहे, आपली तळलेली भजी नव्हे हो. हरभरा, तूर, वाटाणा, वाल असं जे जे हिरवं मिळेल ते सगळं शिजवून आंबट ताकात आणि बेसनात केलेली दाट भाजी. त्याबरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, धपाटे आणि माठातली गार आंबील, लसणाचा वास असलेली, तांब्यानं. मी चार तांबे प्यायलो. मग कोपीच्या सावलीत जो आडवा झालो तो साडेचारला उठलो, आणि बघतो तर दोन्ही टायर बसलेले.

सराटे, गवतातले टोकदार काटे! ढकलताना सायकल बांधावरच्या गवतातून आणली ना, तिथे. मोजले, पुढे चार, मागे सहा. ट्यूब दोन स्पेअर होत्या, त्यातली एक कालच इंदापूरच्या पंक्चरनंतर गुंडाळून ठेवलेली, म्हणजे तिला आधीच भोक. घरातला सातवीतला मुलगा (त्याला बंड्या म्हणूया) म्हणाला आणा इकडं, आणि ट्यूब घेऊन थेट बैलांच्या हौदात बुडवली. बुडबुडे दिसले की तिथे बोट ठेवायचा आणि तोंडानं खुण सांगायचा, मी पॅच लावायचो. पॅच संपले, भोकं संपली नाहीत. तोवर अंधार. पोरं पेटते पेंढे घेऊन शेताभोवती पळत होती, हेंडगा म्हणतात त्याला. दादा (बंड्याचे वडील, माझ्याच वयाचे असतील, चाळीसच्या आसपास) म्हणाले राहा आता, सकाळी औशावरून पॅच आणू.

झोपायला खोली दिली ती सोयाबीनच्या पोत्यांची. आढ्यापर्यंत थप्पी, उरलेल्या जागेत एक खाट. पाय लांब केले की पोत्याला लागायचे. ऑक्टोबरात काढलेलं सोयाबीन डिसेंबर संपला तरी घरात, कारण हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या बऱ्याच खाली. दादा म्हणाले "थांबलोय, बघू". खोलीभर तो वास, कोरडा, तेलकट. वाकळीत छान झोप लागली.

आता मुद्द्यावर येतो.

संध्याकाळी दादांनी विचारलं, केवढ्याची गाडी. मी नेहमीचं उत्तर दिलं, "पंधरा हजार". खरी किंमत बहात्तर. तासाभरानं बंड्या मोबाइल घेऊन आला, फ्रेमवरचं नाव टाकून शोधलेलं, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. कोणी हसलं नाही. दादा सायकलीकडे बघत म्हणाले, "म्हणजी एक बैल घेऊन फिरलालाव की तुमी." बास, एवढंच. मग विषय बदलला, त्यांनीच बदलला. पण मला खोटं पकडलं गेल्यापेक्षा त्यांनी सांभाळून घेतलं त्याचं जास्त लागलं.

सकाळी पॅच आले (दादा स्वतः मोटरसायकलवर जाऊन घेऊन आले, पैसे घेतले फक्त पॅचचे). निघताना पाचशे रुपये द्यायला लागलो तर वहिनींनी हात मागे घेतला, आजी तर चिडल्याच. म्हणून मी शहाणपणा केला. नोट गुपचूप बंड्याच्या गणिताच्या वहीत ठेवली.

दुपारी अहमदपूरच्या अलीकडे फोन वाजला, दादा. "तुमी वहीत पैशे ठेवलाव का?" मी हो म्हटलं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, शाळेत वही उघडली, नोट पडली, गुरुजींनी विचारलं, पोरगं म्हणलं माहीत नाही. घरी निरोप आला. "मी दोन लगावल्या हो त्याला. घरातून उचलली म्हणून. बरं झालं तुमाला फोन केला." रागावून नाही बोलले, रागावले असते तर बरं. शेवटी म्हणाले, "नोट देवापाशी ठेवलीया. कवा याल तवा घेऊन जावा."

तर सांगा, काय करायला पाहिजे होतं? आणि आता काय करू?

पंक्चरवाला_पप्पू

मराठवाड्यात ट्यूबवर? सिलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) नाही, लायनर (टायरच्या आतली जाड पट्टी) नाही? भावा, तुझं वहीतलं नंतर बघू, आधी हे बघू. सराटा हा प्रकार टायरमधून सरळ जातो, त्याला दोन शिंगं असतात आणि कसाही पडला तरी एक टोक वर. बाभळीचा काटा परवडला, तो एकच भोक पाडतो. ट्यूबलेस करून घे आणि सिलंट दोन-तीन महिन्यांनी बदल, आपल्याकडच्या उन्हात सुकतं. आणि मुख्य म्हणजे टायरला अडकलेला सराटा लगेच उपटू नकोस, ट्यूबलेस असेल तर सराटा खाली येईल असं चाक फिरवून मग काढ म्हणजे सिलंट भोकात जाऊन बसतं.

रिकामटेकडा

पप्पू, माणूस रडतोय आणि तू सिलंट सांगतोयस 😂

पंक्चरवाला_पप्पू

सिलंट असतं तर तो तिथं राहिलाच नसता, नोटही नसती, धागाही नसता. मूळ कारणावर बोलतोय.

औसारोड

मी त्याच भागातला, आता नोकरीला ठाण्यात. आधी एक दुरुस्ती, आमच्याकडं "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणतात, पण शेजारच्या गावात वेगळं, त्यावर भांडू नका, दर दोन कोसाला बदलतं. कानडीतून आलंय हे नक्की, येळवस शब्दसुद्धा तिकडचाच, सीमेपलीकडं बिदर कलबुर्गीला पण हाच सण आहे. आमच्या लहानपणी वर्गणी काढून पतंग आणायचो, दिवसभर झाडाला झोका. त्या दिवशी लातूर, धाराशिव दोन्ही जिल्ह्यांत स्थानिक सुट्टी असते, पुढच्या वेळी कॅलेंडर बघून निघा.

आता पैशाचं. येळवशीला परका माणूस शेतात जेवला तर ते घरवाल्यांना चांगलंच वाटतं, वाट बघतात कुणी येतंय का. तिथं पैसे काढणं म्हणजे लग्नात जेवून पंगतीच्या पाटावर नोट ठेवण्यासारखं. पण तुम्ही मुद्दाम केलं नाही हे त्यांना कळलंय, नाहीतर "देवापाशी ठेवली" म्हणाले नसते. नोट परत न्यायला या म्हणजे परत या, एवढाच त्याचा अर्थ.

भटकीमावशी

मी एक वेगळं विचारते, राग नको. धाग्यात आजी आहेत, आजोबा आहेत, दादा आहेत, बंड्या आहे, बैल पण आहेत. वहिनींचं एकच वाक्य आहे, हात मागे घेतला. येळवशीच्या आदल्या रात्री किती वाजता झोपल्या असतील त्या? ती भज्जी, ते उंडे, खीर, पोळ्या, सगळं पहाटेपर्यंत चालतं. दिवसभर शेतात वाढायचं, संध्याकाळी घरी येऊन सगळी भांडी, आणि त्यात एक पाहुणा रात्रीच्या जेवणाला. रात्री काय जेवलास?

मी सायकलवर महाराष्ट्रात बऱ्यापैकी फिरलेय, एकटी आणि जोडीनं. बाईला घरात घेताना लोक पटकन घेतात, हे खरं, पण मी घरात गेले की पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाते, लसूण सोलते, भांडी घासते, पाणी भरते, काहीतरी. सुरुवातीला नको नको म्हणतात मग गप्पा सुरू होतात. आणि दुष्काळी भागात अंघोळीला एकच बादली, ती पण अर्धी राहिली पाहिजे. पाहुणा म्हणून दोन बादल्या गरम पाणी पुढ्यात येतं, ते कुठून आलंय बघावं.

तिसरागिअर

मावशी, बरोबर. रात्री वहिनींनी परत गरम भाकऱ्या केल्या, मी नको म्हटलं होतं, तीन खाल्ल्या. सकाळी दोन बादल्या गरम पाणी होतं आणि मी दोन्ही वापरल्या. आता लिहितानाच लक्षात आलं. हापसा घरापासून लांब होता.

काळीमाती

तुमच्या सगळ्यांच्या लेखांत शेतकरी कायम हसतमुख आणि भाकरी वाढणारा का असतो हो? मी स्वतः शेती करतो, कोरडवाहू, औशाच्या जवळ नाही पण त्याच पट्ट्यात. येळवस वर्षातला एक दिवस. त्या दिवशी आम्ही श्रीमंत असतो. उरलेल्या दिवसांत या. मे महिन्यात या सायकल घेऊन, बघू कोण बोलावतंय. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा एक पण सायकलवाला फोटो काढायला आला नव्हता, आले ते सगळे कॅमेरेवाले गाडीतून.

सोयाबीनचं सांगतो. हमीभाव कागदावर असतो. सरकारी खरेदी केंद्रावर नेलं तर नोंदणी, मग मेसेजची वाट, मग बारदाना (रिकामी पोती) नाही, मग ओलावा जास्त. ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे असा नियम, यंदा नंतर १५ पर्यंत चालेल म्हणाले, पण तोवर ज्याला पैशाची गरज होती त्यानं व्यापाऱ्याला देऊन टाकलेलं. तुमचे दादा पोती राखून आहेत म्हणजे त्यांची बऱ्यापैकी ताकद आहे. ज्यानं उसनवारी केलीय त्याच्या खोलीत थप्पी नसते.

आणि बहात्तर हजाराची सायकल पंधराची सांगितली ते खोटं वाटलं तर वाटू द्या. आम्हाला पण कुणी विचारलं एकरी किती निघालं तर आम्ही कमीच सांगतो. 😄

सोलापुरीचादर

काळीमाती यांचं शेवटचं वाक्य सोन्याचं. आमचे आजोबा मंगळवेढ्याचे, ज्वारीचं विचारलं की "कुठलं काय, चिमण्यांनी नेलं" हे ठरलेलं उत्तर, आणि मागे कणगी भरलेली.

कडबाकुट्टी

सायकलच्या किमतीवर माझं मत. खोटं सांगू नये. मी सरळ सांगतो, "महाग आहे, हप्त्यावर घेतली." हप्ता हा शब्द सगळ्यांना कळतो, ट्रॅक्टर हप्त्यावर, मोटरसायकल हप्त्यावर, मग आपण एका पंगतीत बसतो.

रिकामटेकडा

आणि हप्त्यावर घेतलेली नसली तर?

कडबाकुट्टी

तर तेही खोटंच की. पण जरा बरं खोटं.

औसारोड

तिसरागिअर, एक करा. त्या मुलाशी स्वतः बोला, फोनवर. बापाशी बोलून झालं, पण मार त्यानं खाल्लाय. आणि गुरुजींना पण कळू द्या, नाहीतर वर्गात नाव पडलेलं असतं, ते जात नाही लवकर.

तिसरागिअर (८ जानेवारी)

बोललो. आधी दादांना सांगितलं, मग बंड्याला फोन दिला. मी म्हटलं चूक माझी होती, सॉरी. तो म्हणाला "असूंद्या". मग म्हणाला, "गुरुजीनं वर्गात सांगितलं की पाव्हण्यानं ठेवलती म्हणून." दादा दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जाऊन आले होते, मला सांगितलं नव्हतं. मग बंड्यानं विचारलं मागच्या चाकाला किती दात आहेत चकतीला, मोठ्या. मी म्हटलं चौतीस. "आन फुडं?" पन्नास आणि चौतीस, दोन चकत्या. तर म्हणाला म्हणजे चढाला एकास एक. बरोबर आहे की! त्याला मी शिकवलं नव्हतं.

भटकीमावशी

गणिताची वही वाया गेली नाही म्हणायची.

काळीमाती

पैसे द्यायचेच असतील तर माल घ्या. साधी गोष्ट आहे. शहरात तूरडाळ ज्या भावानं घेता त्या भावानं त्यांच्याकडून घ्या, भाव त्यांना ठरवू द्या, घासाघीस नको आणि दानशूरपणा पण नको. व्यापाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात, आम्हाला भीक घेतल्यासारखं होत नाही. पण हे एकदा करून फोटो टाकायला नको, दरवर्षी घ्या. एकदा घेणारे खूप असतात.

तिसरागिअर (१९ मार्च २०२५)

धागा वर आणतोय. काळीमातींचं ऐकलं. दादांकडून एक कट्टा ज्वारी आणि दहा किलो तूरडाळ मागवली. रब्बी ज्वारी हातानं उपटून काढायची, मग कणसं मोडायची, मग मळणी, हे सगळं फोनवर ऐकलं, मजूर मिळत नाही म्हणून घरच्यांनीच काढली. ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं, स्वारगेटला घ्यायला गेलो. कट्टा पन्नास किलोचा सांगितलेला, घरी वजन केलं तर साडेत्रेपन्न. फोन केला तर म्हणाले, "वाटंत सांडंल म्हणून जरा जास्त भरलं." कट्टा दोन ठिकाणी सुतळीनं शिवलेला, एक दाणा सांडायची सोय नाही. वर डाळीच्या पिशवीत बिब्ब्याएवढ्या कागदाच्या पुडीत सराटे, दहा. बंड्यानं मोजून पाठवलेले. हे त्याचं विनोदाचं काम.

पैसे मात्र पन्नासचेच घेतले. हे आता कुठल्या खात्यात टाकू.

सोलापुरीचादर

सराटे फ्रेम करून ठेवा.

पंक्चरवाला_पप्पू

ट्यूबलेस केलं का?

तिसरागिअर

केलं रे बाबा.

कडबाकुट्टी (२६ सप्टेंबर २०२५)

तिसरागिअर, तुझ्या त्या घराची काही खबर? बातम्यांत धाराशिव, सोलापूर, लातूर, बीड सगळीकडे पाणीच पाणी दाखवतायत. सीना, मांजरा, तेरणा सगळ्या पात्राबाहेर.

तिसरागिअर

दोन दिवस फोन लागत नव्हता, आज लागला. घरात पाणी नाही आलं, घर उंचावर आहे. शेतात आलं. सोयाबीन काढणीला आलेलं होतं, शेंगा पाण्यातच काळ्या पडल्या, काही झाडावरच मोड आलेले. बांधाकडची माती वाहून गेली, तो सराट्याचा बांध होता ना, तोच. दादा म्हणाले "सराटे गेले तुमचे." हसले. मला काही बोलता येईना.

पैसे पाठवतो म्हटलं, थेट नाही म्हणाले, मदत येणार आहे, पंचनामा झालाय. इथे कोणाला काही सुचतंय का?

काळीमाती

आमचं पण गेलं. बारा एकर. असो.

सुचतंय ते सांगतो. रब्बीला बी-बियाणं, डिझेल, सगळं रोखीनं लागणार आहे आणि पंचनाम्याचे पैसे कधी येतील ते कुणी सांगावं. तुम्ही ज्वारी घेताच ना त्यांच्याकडून. मग पुढच्या ज्वारीचे पैसे आत्ताच द्या. मदत म्हणू नका, इसार म्हणा. इसार घ्यायला कुणालाच लाज वाटत नाही.

भटकीमावशी

माझा पण एक कट्टा धर. आणि काळीमाती, तुमच्याकडे काय पेरणार आहात? तुमच्याकडून पण घेईन. उत्तर द्या, असो म्हणून सोडू नका.

काळीमाती

वापसा (पेरणीजोगी ओल) आला तर हरभरा. जमीन अजून चिखल आहे, पाय घातला की गुडघ्यापर्यंत. आला तर सांगतो.

औसारोड

माझे दोन कट्टे धरा. ठाण्याला मी माणूस बघतो पार्सलला.

तिसरागिअर

इसार शब्दानं काम झालं. थोडा वेळ गप्प होते, मग "किती कट्टे म्हणलाव?" विचारलं. इथले मिळून अकरा झाले. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पाठीमागून बंड्याचा आवाज आला, "माज्या नको, दुसऱ्या वहीत लिवा."

तिसरागिअर (२२ डिसेंबर २०२५)

यंदाची येळवस १९ तारखेला होती, जाऊन आलो. वेळ कमी म्हणून सोलापूरपर्यंत रेल्वे, पुढे सायकल. तुळजापूरचा घाट आता पहिल्या गिअरवर सुद्धा दम काढतो, वय. एकही पंक्चर नाही (पप्पू, वाच).

शेत ओळखू आलं नाही पटकन. कोप होती, पांडव होते, आजी होत्या, पण ज्वारी गुडघ्याएवढीच. वापसा उशिरा आला म्हणून पेरणी उशिरा, हुरड्याला अजून बराच वेळ. हरभऱ्याला घाटे नाहीत, फुलंच. भज्जीत घालायला हिरवं शोधत वहिनी तीन शेतं फिरल्या होत्या म्हणे, वाटाणा शेवटी औशाच्या बाजारातून. मी आदल्या दिवशीच संध्याकाळी पोचलो होतो मुद्दाम, रात्री शेंगदाणे सोलायला बसलो, उंडे वळायला गेलो तर माझे दोन उंडे बघून वहिनींनी ते बाजूला ठेवले, "हे बैलाला". एक वाजता मला झोप अनावर झाली. त्या कधी झोपल्या माहीत नाही, साडेचारला उठलो तेव्हा चूल चालूच होती. पाणी मी हापशावरून आणलं, अंघोळ अर्धी बादली.

नोट मिळाली. देव्हाऱ्यात आजोबांच्या फोटोमागे होती (आजोबा जूनमध्ये गेले, मला फोनवर सांगितलं होतं). कडेला हळदीचा डाग. आजींनी माझ्या हातावर ठेवली आणि मूठ दाबून बंद केली. मी खिशात ठेवली, काही बोललो नाही, बोलायचं नाही एवढं तरी शिकलोय.

बंड्यासाठी हातपंप आणि पॅचचा डबा नेला होता. डबा उघडून बघितला, मग पंपाचं तोंड फिरवून (व्हॉल्व्हचे दोन प्रकार असतात, प्रेस्टा आणि श्रेडर) विचारतो, "हे प्रेस्टाचं हाय, आमच्या गाडीला श्रेडर लागतंय, उलटं करून बसवता येतंय का?" येतं. दुपारपर्यंत शेतातल्या तीन सायकली उलट्या करून ठेवल्या होत्या.

यंदा आंबील शिंपडायला दादा पुढे होते. "वलगे वलगे" मी मोठ्यानं म्हटलं.

दोन्ही रात्री त्याच खोलीत झोपलो. खाट तीच, वाकळ तीच. या वेळी पाय पूर्ण लांब करता आले.

काळीमाती

हरभरा बरा आहे. मावशी, मार्चमध्ये सांगतो.